बारगीर आणि बर्गी

आमच्या जुनवानीतल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब राहतं. आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते, ते आता नाहीत. आजी आहेत, त्यांना सगळी इमारत मासीमा म्हणते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले, तेव्हा त्यांचा आठवीतला नातू एनसीईआरटीच्या नव्या पुस्तकातला मराठ्यांच्या उदयाचा धडा मोठ्यानं वाचत होता. मासीमा ऐकता ऐकता हसल्या आणि बर्गी येतात ते जुनं अंगाईगीत गुणगुणू लागल्या. ते बंगालीत प्रत्येक घराला ठाऊक आहे. नातवानं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि मला विचारलं, "आंटी, ये बर्गी मतलब आप लोग?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

'बर्गी' हा आपलाच शब्द आहे. फारसीतून मराठीत आलेला 'बारगीर' म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो स्वार. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. म्हणजे मराठीत हा पगारपत्रकातला शब्द आहे, लष्करी नोकरीची एक पायरी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांबरोबर तो १७४२ साली बंगालात शिरला आणि तिथं लहान मुलांना भीती घालायचा शब्द झाला. शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहिता येतात. पाठ्यपुस्तकात ते एका पानावर येतील का, हा मला पडलेला प्रश्न.

अनुवादाचं काम करताना नामांपेक्षा क्रियापदं जास्त छळतात. नाव कोशात सापडतं. क्रियापदात लिहिणारा कुठे उभा आहे ते कळतं. पाठ्यपुस्तकांच्या वादांत आपण पानं मोजतो: मुघलांना किती, मराठ्यांना किती, कोण वगळलं, कोण घातलं. ते मोजायलाच हवं. पण मला वाटतं, सरकारांचा आणि धर्माच्या राजकारणाचा हात सगळ्यात खोल जातो तो क्रियापदांत, आणि तिथं आपलं, म्हणजे मराठी वाचकांचं, लक्ष जात नाही. त्यातून पानं आपल्या बाजूनं वाढली असली की मुळीच जात नाही.

पानांची तक्रार खोटी नव्हती. एनसीईआरटीचं सातवीचं जुनं पुस्तक, २००७ पासून चाललेलं, अठराव्या शतकातल्या सत्तांच्या एका प्रकरणात हैदराबाद, अवध, बंगाल, राजपूत, शीख, मराठे आणि जाट या सगळ्यांना बसवत होतं. ज्या सत्तेनं त्या शतकात कटकपासून अटकेपर्यंत हालचाल केली, तिला एवढ्या दाटीवाटीत उभं करणं हे दिल्लीत बसून भारत पाहणाऱ्यांचंच काम होतं. महाराष्ट्रातल्या सगळ्या पक्षांचे लोक यावर चिडत आले आणि ते चिडणं रास्त होतं.

मग २०२५ साल आलं. एप्रिलमधल्या सातवीच्या नव्या पुस्तकातून दिल्लीची सुलतानशाही आणि मुघल गेले. जुलैमधल्या आठवीच्या पुस्तकात ते परत आले, पण वेगळ्या विशेषणांसह. बाबर क्रूर विजेता झाला, अकबराची कारकीर्द क्रौर्य आणि सहिष्णुता यांचं मिश्रण ठरली. त्यांच्या शेजारी मराठ्यांना स्वतंत्र, ऐसपैस प्रकरण मिळालं. इतिहासातल्या काळोख्या काळांविषयी एक टीपही पुस्तकात आहे: भूतकाळातल्या गोष्टींसाठी आज कुणालाही जबाबदार धरू नये, अशा आशयाची. टीप चांगली आहे, मी ती मनापासून चांगली म्हणते आहे. पण टीप एका चौकटीत असते आणि विशेषणं पानभर असतात, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या लक्षात काय राहतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारावं.

याच पुस्तकात शिवाजी महाराजांच्या शायिस्ताखानावरच्या छाप्याची तुलना आजच्या सर्जिकल स्ट्राइकशी केली आहे. मी थबकले ती इथं. छापा हा शब्द मराठीत होताच. लाल महालातल्या त्या रात्रीत धाडस आहे, नेमकं नियोजन आहे, बोटं तुटलेला सरदार आहे. मुलाला कळायला आणखी काय हवं? सर्जिकल स्ट्राइक हा शब्द तिथं इतिहास समजावायला आलेला नाही. २०१६ नंतरच्या बातम्यांचा, भाषणांचा आणि सिनेमांचा सगळा पडसाद घेऊन तो सतराव्या शतकात शिरतो, आणि मुलाला कळत न कळत सांगून जातो की शायिस्ताखान म्हणजे सीमेपलीकडचा कुणीतरी. असा अनुवाद माझ्याकडून गेला असता तर संपादकानं परत पाठवला असता.

सुरतेचं याच्या उलट झालं. 'सुरतेची लूट' हे नाव मराठीनं पिढ्यान् पिढ्या विनासंकोच सांभाळलं. पोवाड्यात, शाळेच्या नाटुकल्यात, आजोबांच्या गोष्टीत लूट हा शब्द छाती फुगवून यायचा. सतराव्या शतकातल्या राज्यासाठी शत्रूचं श्रीमंत बंदर लुटणं ही युद्धाची आणि खजिन्याची रीत होती, हे त्या शब्दाला ठाऊक होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये, मालवणचा पुतळा कोसळल्यावर पेटलेल्या राजकारणात, देवेंद्र फडणवीस म्हणाले की महाराजांनी सुरत लुटली नव्हती, आणि लुटली असं काँग्रेसनं वर्षानुवर्षं आपल्याला शिकवलं. मग काही दिवस दोन्हीकडून लूट की स्वारी यावर जुंपली. लूट शब्दाची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली, हा खरा प्रश्न होता आणि तो कुणी विचारला नाही. मला उत्तर असं दिसतं: 'लुटणं' हे क्रियापद एकदा फक्त गझनीच्या महमूदासाठी राखून ठेवलं, की ते आपल्या माणसाला वापरता येत नाही. दुसऱ्याच्या धड्यातली भाषा कडक करत नेली की आपल्या धड्यातली आपोआप पांढरपेशी होते.

आता महाराष्ट्राकडे येते, कारण दिल्लीला नावं ठेवणं सोपं आहे. बालभारतीनं २०१७ साली सातवीचं इतिहासाचं पुस्तक बदललं. मुघल काही ओळींपुरते उरले, बातम्या झाल्या. विषय समितीचे अध्यक्ष सदानंद मोरे होते. त्यांनी महाराष्ट्रकेंद्री दृष्टीचं समर्थन केलं. राज्याच्या मंडळाचं पुस्तक राज्यापासून सुरू व्हावं हे मला पटतं. पुस्तकही वाईट नाही. माझ्या नागपूरच्या भाचीची प्रत मी घेऊन आले आणि दोनदा वाचली. त्यात धार्मिक समन्वयावर एक वेगळा धडा आहे, शेवटी समाजजीवनावर आहे. आमच्या लहानपणी फक्त लढाया आणि तह होते.

पण त्यातल्या एका धड्याचं नाव आहे 'राष्ट्ररक्षक मराठे'. हा धडा अब्दालीचा आणि पानिपतचा. शीर्षक वाचून मूल समजेल की राष्ट्र नावाची वस्तू आजच्यासारखीच तेव्हाही होती आणि मराठे तिच्या दारात उभे होते. मराठे पानिपतावर का गेले याच्या मुळाशी एक कागद आहे. १७५२ साली मुघल बादशहाच्या वतीनं मराठ्यांशी करार झाला: मराठ्यांनी अब्दालीपासून आणि आतल्या बंडखोरांपासून बादशाही सांभाळायची, बदल्यात पंजाब-सिंध वगैरेंच्या चौथाईचे हक्क घ्यायचे. म्हणजे रक्षक हा शब्द बरोबर आहे. फक्त रक्षण करारानं होतं आणि ते दिल्लीच्या तख्ताचं होतं. त्याआधी १७१९ साली बाळाजी विश्वनाथानं दिल्लीहून आणल्या त्या सनदा: स्वराज्याची, चौथाईची, सरदेशमुखीची. छत्रपती शाहूंच्या काळातल्या मराठी सत्तेचा कायदेशीर पाया बादशाही शिक्क्याच्या कागदावर उभा होता. ही नामुष्की नव्हे, हे अठराव्या शतकाचं राजकारण होतं, आणि फार हुशारीचं राजकारण होतं. मुघलांना चार ओळींत उरकलं तर त्या हुशारीलाच जागा उरत नाही. मूल पानिपतची तारीख पाठ करील, पण पुण्याहून निघालेली फौज तिथं काय करत होती हे त्याला कळणार नाही. ती पोकळी मग 'राष्ट्र' या शब्दानं भरली जाते.

बंगालात तर गुंता याहून मोठा. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये चौथाई मागत तिथं पोचले. अलीवर्दीखानानं नकार दिला. मग गावं जळाली. पुढच्या वर्षी बादशहाच्या सांगण्यावरून रघूजींना बंगालातून हुसकवायला कोण आलं? बाळाजी बाजीराव पेशवे. त्यांनी अलीवर्दीखानाकडून मोहिमेच्या खर्चाचे बावीस लाख घेतले. १७४४ मध्ये अलीवर्दीनं भास्कररामांना बोलणीसाठी मानकऱ्याला बोलावलं आणि छावणीत सरदारांसह मारलं. शेवट १७५१ च्या तहानं झाला: ओडिशा भोसल्यांकडे आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई. यात हिंदू कोण, मुसलमान कोण, परका कोण, रक्षक कोण, हे ज्यानं एका वाक्यात सांगितलं त्यानं काहीतरी लपवलं आहे असं समजावं.

आणि हे त्या काळच्या माणसांना कळत होतं. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं 'महाराष्ट्र पुराण' मी विद्यार्थिदशेत प्रथम वाचलं, डिमॉक आणि गुप्त यांच्या १९६५ च्या इंग्रजी अनुवादाला धरून. हस्तलिखितावरचा काळ १७५१, म्हणजे जखम ओली असताना. कथेची सुरुवात अशी: पृथ्वी पापानं जड झाली आहे, म्हणून शिव नंदीला पाठवतो, त्यानं शाहूराजाच्या ठायी शिरावं आणि पाप्यांना शिक्षा करवावी. म्हणजे मराठे ईश्वरी आज्ञेनं येतात. आजच्या कुठल्याही समितीला आवडेल अशी ही सुरुवात आहे. मग बर्गी गावोगाव जे करतात त्याची कवी यादी देतो, ब्राह्मण आणि वैष्णवही त्यांच्या हातून मारले जातात, आणि देवी संतापून पक्ष बदलते. ती मुसलमान नवाबाच्या बाजूनं उभी राहते. भास्करराम कटव्याजवळ दुर्गापूजा मांडून बसलेला असताना नवाबाची फौज येते आणि पूजा अर्धी टाकून त्याला पळावं लागतं, हा प्रसंग इतिहासातही आहे.

गंगारामाला सेक्युलर म्हणायचं कारण नाही. तो पुरता धार्मिक माणूस होता. त्याच्या धर्मात न्याय माणसाच्या कुळावर नव्हे, करणीवर ठरत होता, एवढंच. आज धर्माच्या नावानं पाठ्यपुस्तकं दुरुस्त करणाऱ्यांना पापपुण्याची एवढी चाड असती तर माझी तक्रार निम्मी झाली असती.

हे सगळं मला छत्तीसगडात राहून जास्त टोचतं, कारण भास्कररामांचा बंगालचा रस्ता आमच्या इथून गेला. १७४१ मध्ये ते रतनपूरवर आले. बिलासपूरच्या पुढे पंचवीसेक किलोमीटरवरचं हे गाव, हैहयवंशी कलचुरींची शेकडो वर्षांची राजधानी. राजा रघुनाथसिंह म्हातारा होता, मुलाच्या दुःखात होता, लढला नाही. मराठ्यांनी लाख रुपये दंड घेतला. पुढे १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी तिथं येऊन राहिले. रतनपूरच्या रामटेकडीवरचं मंदिर त्यांचं. मोडी लिपी त्यांनी आणली, दसऱ्याला सोनं वाटायची रीत त्यांची म्हणून सांगतात. १७८७ मध्ये ते गेल्यावर सुभेदार आले आणि मग टकोली, पंडरी, कलाली अशा करांची नावं इथल्या इतिहासात येतात. स्पर्धा परीक्षांना बसणारी इथली पोरं ती नावं पाठ करतात. त्यांच्या गाइडांत या काळाचं नाव 'मराठा शासन' असं आहे. 'विस्तार' नाही आणि 'राष्ट्ररक्षण' तर नाहीच. बिंबाजींबद्दल बरं लिहिलेलं असतं, सुभेदारांबद्दल नसतं. मला तो हिशोब बराच प्रामाणिक वाटतो.

नागपूरच्या भाचीच्या पुस्तकात नागपूरकर भोसले साम्राज्याच्या वाटचालीत येतात. वाटचाल! वाट कुणाच्या शेतातून गेली ते रतनपूरला जाऊन विचारावं लागतं.

एका गोष्टीत महाराष्ट्र बाकीच्या देशाहून वेगळा आहे. तिथं पाठ्यपुस्तकावरचा दाब फक्त हिंदू-मुसलमान या रेषेनं येत नाही, ब्राह्मण-ब्राह्मणेतर या रेषेनंही येतो, आणि ती रेषा जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ मध्ये काढला आणि त्याच वर्षी शिक्षणखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवरही लिहिलं. शाळेत कोण शिकवतो आणि कोणाचा शिवाजी शिकवतो हे दोन प्रश्न त्यांच्या लेखी एकच होते. त्यांच्यानंतर दीडशे वर्षांनी दादोजी कोंडदेवांवरून रण पेटलं. महाराजांचे गुरू म्हणून चौथीच्या पुस्तकात अनेक पिढ्यांनी वाचलेले दादोजी तिथून हलवले गेले, आणि डिसेंबर २०१० मध्ये पुणे महापालिकेनं लाल महालातला त्यांचा पुतळा रात्रीतून काढला. मागणीत तथ्य होतं. गुरुपदाला समकालीन पुरावा नाही हे इतिहासकार म्हणतच होते. पण मुलांना पुरावा कुणी दाखवला? काल गुरू होते, आज नाहीत. का, ते पुस्तक सांगत नाही. जुनं विधान जसं सरकारी शिक्क्यावर खरं होतं तसंच नवं. दुरुस्ती बरोबर असली तरी अशी झाली की मूल एवढंच शिकतं की ज्याचं सरकार त्याचे गुरू. राजस्थानात सरकार पालटलं की सावरकरांवरचा मजकूर पालटतो, बंगालात सत्तेवर आलेल्या पक्षानं आपलं सिंगूरचं आंदोलन आठवीच्या इतिहासात घातलं, तीही याच शाळेतली पोरं.

पुरावा दाखवून पाठ्यपुस्तकाशी भांडायची रीत मराठीत नाही असं नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. कॅप्टन डेव्हिड केपन यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आणि तो 'बखर' या नावानं मुंबई इलाख्यातल्या शाळांत चालला. (इंग्रजाच्या इतिहासाला बखर म्हणण्यात कोणाची सोय होती, यावर कुणा अनुवाद-अभ्यासकानं लिहायला हवं.) म्हणजे मराठी मुलांचं मराठ्यांवरचं पाठ्यपुस्तक पेशवाई बुडवणाऱ्यांपैकी एकानं लिहिलेलं होतं. त्यावर १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी टीका लिहिली. ते तेव्हा कॉलेजात शिकत होते. आमच्या पूर्वजांचा अपमान झाला म्हणून पुस्तक बंद करा, असं त्यांनी म्हटलं नाही. डफनं कोणती साधनं कशी वापरली आणि लढायांच्या पलीकडे लोकांच्या स्थितीबद्दल तो काय सांगतो, असे प्रश्न त्यांनी विचारले. पुढे राजवाड्यांची आणि इतरांची कागदपत्रं शोधण्याची सगळी वणवण या प्रश्नांच्या वाटेवरची आहे.

२०२५ च्या पुस्तकावरही आक्षेप आले. सगळ्यात गाजलेला जैसलमेरच्या राजघराण्याचा: नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवलं, ते चूक आहे. एनसीईआरटीनं तज्ज्ञांची समिती नेमली. आक्षेपात दम असेल. पण ऐकलं कुणाचं जातं ते पाहा: ज्याला वंशज आहेत, ज्याच्या मागे समाज आहे, ज्याच्या समाजाची मतं आहेत. रतनपूरच्या रयतेचे वंशज समितीकडे जात नाहीत. कटव्याच्या विणकरांचेही नाहीत.

मासीमांच्या नातवाला मी दुसऱ्या दिवशी बारगीर शब्दाची गोष्ट सांगितली. भास्करराम रतनपूरहून गेले हेही सांगितलं. नकाशावर बोट ठेवून तो म्हणाला, म्हणजे इथूनच. मग त्यानं वहीत लिहायला घेतलं आणि हिंदीत अडला. "आंटी, क्या लिखूँ? मराठों ने रतनपुर जीता, या लूटा, या बचाया?" मी म्हटलं, आधी लिही की राजा म्हातारा होता आणि लाख रुपये घेतले. त्यानं तसं लिहिलं. पुढे क्रियापदासाठी अर्धी ओळ मोकळी सोडली, ती परवापर्यंत तशीच होती.